खोकताना लघवी सुटते: पिशवी काढण्याआधी ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी करून पाहावी का?

प्रश्न (शिक्षिका, खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझे वय ४६ आहे. दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली, पण दुसऱ्या वेळी बाळ मोठे असल्याने चिमटा लावावा लागला होता. तेव्हापासून जोरात शिंक आली की थोडी लघवी सुटते. बाळंतपणानंतर असे व्हायचेच, असे घरातील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या. आता मात्र वर्गात मोठ्याने कविता म्हणून घेताना, भरलेली कळशी उचलताना आणि रोपलावणीच्या दिवसांत चिखलातून उठताना कपडे ओले होतात. संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी ओघळल्यासारखे जड वाटते. शाळेत आम्हा बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसल्याने सकाळपासून पाणी फारसे प्यायचेच नाही, अशी सवय लागली आहे.

एका दवाखान्यात तपासून घेतले तेव्हा, अंग थोडे खाली आले आहे, पिशवी काढून टाकली की लघवीचाही त्रास जाईल, असे सांगण्यात आले. गोव्यात परिचारिका असलेल्या माझ्या आतेबहिणीने मात्र ऑपरेशनची घाई न करता आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी करून पाहण्याचा सल्ला दिला. फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याची आणि कमरेची, एवढेच मला ठाऊक होते. यात नेमके काय करतात, आतून तपासतात का, तपासणारी बाईच असते का, या वयात त्याचा उपयोग होतो का, आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून घरीच केले तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ऑपरेशनला घरचे तयार आहेत, पण केवळ व्यायाम शिकण्यासाठी बेळगावच्या खेपा कशाला, हे त्यांना पटवून देणे मला अवघड जात आहे.

उत्तर १ (स्त्री-आरोग्य फिजिओथेरपिस्ट, बेळगाव)

ताई, प्रत्यक्ष न तपासता मी निदान करणार नाही, परंतु आपण जे लिहिले आहे ते माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांकडून मी नेहमी ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर बाजेच्या नवारीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून त्याचाच आधार असतो, आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग त्याच्यातूनच बाहेर येतात. आपण खोकतो किंवा वजन उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो, आणि त्याच क्षणी हा थर आवळून वर उचलला गेला तरच मूत्रमार्ग मिटलेला राहतो. बाळंतपणात हा स्नायू त्याच्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो. चिमटा लावलेल्या बाळंतपणात तो हाडापासून सुटण्याची शक्यता साध्या बाळंतपणापेक्षा अधिक असते, म्हणून तपासणीच्या वेळी आपण चिमट्याचा उल्लेख आवर्जून करावा.

आता पिशवीविषयी. खोकताना होणारी गळती ही मूत्रमार्गाचा आधार आणि तो मिटवणारे स्नायू सैल पडल्यामुळे होते. गर्भाशय काढल्याने तो आधार परत येत नाही, त्यामुळे केवळ लघवी सुटते म्हणून पिशवी काढणे हा त्या त्रासावरचा उपचार नव्हे. अंग पुष्कळ खाली आले असेल, बाहेर दिसत असेल, लघवी पूर्ण होत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो आणि ती अनेक स्त्रियांना मोठा दिलासा देते. त्यातही काही जणींना खाली आलेले अंग वर बसवल्यानंतर, आधी दबून राहिलेली गळती प्रथमच जाणवू लागते, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगितलेले बरे. अंग किती खाली आले आहे, याची पायरी ठरवण्याची ठराविक पद्धत असते. ती पायरी आपल्या कागदावर लिहिली आहे का, ते पाहावे. नसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर देखरेखीखाली किमान १६ आठवडे स्नायूंचे प्रशिक्षण घ्यावे, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आधारासाठी योनिमार्गात बसवायची रिंगही मिळते.

उपयोग होतो का, याचे उत्तर आकड्यांतच देते, कारण घरच्यांनाही ते दाखवता येईल. कोक्रेन या संस्थेने २०१८ साली १४ देशांतील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. खोकताना-शिंकताना गळती होणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी हे प्रशिक्षण घेतले त्यांच्यातील दर १०० पैकी ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ६ होते. बऱ्या न झालेल्यांपैकीही बऱ्याच जणींची गळती कमी झाली. ४६ हे वय यासाठी मुळीच उशिराचे नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांचे स्नायूसुद्धा व्यायामाने बळकट होतात.

व्हिडिओ पाहून करण्याबद्दल मात्र मी सावध करीन. हे व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली आपला लेख लिहिला, तेव्हा तोंडी सूचनेवर ते विसंबले नव्हते. आकुंचनाचा दाब मोजणारे उपकरण त्यांनी वापरले होते आणि स्त्री योग्य स्नायू आवळते आहे की नाही हे ते तपासून घेत. १९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ थोडक्यात तोंडी सांगितला, तेव्हा सुमारे निम्म्या जणींनाच तो नीट जमला, आणि सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया अशा रीतीने करीत होत्या की गळती वाढण्याचीच शक्यता होती. वर उचलण्याऐवजी शौचाला बसल्यासारखे खाली कुंथले जाते आणि ते स्वतःच्या लक्षात येत नाही. काही जणी मांड्या आणि नितंब आवळतात, काही श्वास कोंडून धरतात. म्हणून निदान पहिली तपासणी समोरासमोर व्हावी, असा माझा आग्रह असतो.

त्या तपासणीत प्रथम केवळ बोलणे होते: बाळंतपणे, पाळी, शौचाची सवय, कामाचे स्वरूप, गळती केव्हा आणि किती. बहुधा तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगतात, म्हणजे किती प्यायले, किती वेळा गेले, केव्हा सुटली. त्यानंतर श्वास, पोट आणि कंबर पाहतात. आतून तपासणी उपयुक्त असते पण सक्तीची नसते. हातमोजा घालून एका बोटाने स्नायूची ताकद पाहतात आणि तिला ० ते ५ असा अंक देतात. आपली संमती विचारूनच ती करायची असते, कोणत्याही क्षणी थांबा म्हणता येते, सोबत आई, बहीण किंवा परिचारिका ठेवता येते. आतून तपासणी नकोच असेल तर बाहेरून पाहून, किंवा पोटावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून स्नायू वर सरकतो का, हे बघता येते. वेळ घेतानाच स्त्री फिजिओथेरपिस्ट हवी म्हणून सांगावे; या कामात बहुतांश स्त्रियाच आहेत. बेळगावात केएलईच्या फिजिओथेरपी महाविद्यालयात प्रसूती व स्त्रीरोग फिजिओथेरपीचा विभाग आहे. तेथे चौकशी करता येईल.

पुढची पद्धत अशी की गुडघे वाकवून उताणे पडावे, आणि वायू व लघवी दोन्ही एकाच वेळी अडवायची आहे असे मनात आणून आतून वर ओढावे. श्वास चालू राहिला पाहिजे. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता आले तरी हरकत नाही. पुढे हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे आणि प्रत्येक वेळी तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावे. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने, हे नाइसचे प्रमाण आहे. त्यानंतर काही झटपट आवळून सोडण्याची आकुंचनेही देतात, कारण शिंक कोणाची वाट पाहत नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय त्याने लागू शकते.

उत्तर २ (निपाणीची वाचक)

वरील उत्तर वाचून फार बरे वाटले. माझा त्रास थोडा निराळा होता, तरीही लिहिते, कारण लघवीचा त्रास म्हटले की सगळ्यांना एकच औषध सांगितले जाते.

मला खोकताना काही होत नसे. पण बाहेरून घरी आले आणि कुलपात किल्ली घातली की लघवीची अशी घाई लागे की मोरीपर्यंत पोहोचता येत नसे. कोठेही जायचे झाले तरी प्रथम तेथे सोय कुठे आहे ते शोधायचे, लग्नाला गेले तरी दाराजवळची जागा धरायची, निपाणीहून कोल्हापूरची बस पकडायची तर सकाळचा चहासुद्धा टाळायचा, असे दिवस चालले होते. डॉक्टरांनी प्रथम लघवी आणि रक्तातील साखर तपासली, जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली आणि मगच कोल्हापूरला फिजिओथेरपीसाठी पाठवले. तेथे स्नायूंच्या व्यायामाबरोबर मूत्राशयाला वळण लावण्याची पद्धत शिकवली. घाई लागली की धावायचे नाही. उभे राहून किंवा बसून स्नायू झटपट काही वेळा आवळायचे, लांब श्वास घ्यायचा, घाईची लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचे. दोन वेळांमधले अंतर थोडे थोडे वाढवत न्यायचे. यात किमान सहा आठवडे धीर धरावा लागतो, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि तसेच झाले. दिवसभरातील चहा निम्म्यावर आणला, त्याचाही गुण आला.

शिक्षिकाताई, पाणी कमी पिण्याबद्दल आपण लिहिले आहे ते वाचून राहवले नाही. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, ती मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. बद्धकोष्ठ होते ते वेगळेच. स्वच्छतागृहाची मागणी शाळा सुधारणा समितीपुढे लेखी मांडावी. हा आपल्या एकटीचा प्रश्न नाही, वरच्या वर्गातल्या मुलीसुद्धा याच कारणाने पाणी पीत नसतील.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. आमच्या भागात तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य घातलेल्या बायका हा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढतात. देवळात जात नाहीत, भजनाला बसत नाहीत, आणि गुडघे दुखतात असे कारण सांगतात. मला गुण आल्यावर मी शेजारच्या दोन काकूंना आपणहून विचारले, तेव्हा दोघींनीही आपल्यालाही तेच होते म्हणून सांगितले. विचारल्याशिवाय त्या बोलल्या नसत्या. आपल्याला समजेल अशा भाषेत सूचना मागून घेण्याचा मात्र संकोच करू नये. मला मिळालेले पत्रक इंग्रजीत होते. मी विनंती केल्यावर तेथील बाईंनी सगळे मराठीत लिहून दिले आणि ते कागद आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत.

उत्तर ३ (निवृत्त परिचारिका, चिकोडी)

व्यायामाचे सर्व सांगून झाले आहे. मी इतकेच लिहिते की काही लक्षणे दिसली तर व्यायामाची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जावे. लघवीतून रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, ताप आणि जळजळ, लघवी अजिबात न होणे, आणि बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला एकाएकी बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. यातील शेवटचे लक्षण तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेण्याचे आहे. अवघड बाळंतपणानंतर खोकला नसताना, घाई नसताना, रात्रंदिवस लघवी झिरपत राहिली तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडले असण्याची शक्यता असते. ते व्यायामाने बुजत नाही, पण शस्त्रक्रियेने बरे करता येते.

ज्या कारणाने खाली दाब पडतो ते कारण तसेच ठेवून व्यायाम केल्यास गुण टिकत नाही. जुना खोकला, चुलीचा धूर, मिश्री आणि तंबाखू, वाढलेले वजन, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे बद्धकोष्ठ. शौचाला कुंथायचे नाही. कमोड असेल तर पायाखाली लहान पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि मार्ग सरळ होतो. वजनाबाबत अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वजन सुमारे ८ टक्के उतरवलेल्या स्थूल स्त्रियांमध्ये आठवड्यातील गळतीच्या वेळा जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या.

बाळंतिणीचे पोट घट्ट बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हलका आधार म्हणून बांधायला माझी हरकत नाही, परंतु श्वास घेणे कठीण होईल इतके आवळले की पोटातला दाब खाली, नुकत्याच ताणल्या गेलेल्या स्नायूंवरच जातो. डिंकाचे लाडू, शेपू, अंगाला तेल हे सर्व चालू द्यावे. त्याच्या जोडीला बाळंतीण घरी येताच हलकी आकुंचने शिकवावीत आणि सव्वा महिन्याला तपासणीसाठी नेतात तेव्हा लघवी सुटते का, असे तिला स्पष्ट विचारावे. घरोघरी येणाऱ्या आशाताईंनाही हा प्रश्न विचारायची सवय लागली तर कितीतरी बायकांचे पुढचे हाल वाचतील.

उत्तर ४ (वडगाव, बेळगाव)

माझे लग्न अलीकडेच झाले आहे. लघवीचा त्रास नाही, पण संबंधाच्या वेळी इतक्या वेदना होतात की पुढे जाता येत नाही. मैत्रिणीने हेच आवळण्याचे व्यायाम सुचवले. ते केल्यापासून वेदना वाढल्या आहेत आणि आता पाळी नसतानाही ओटीपोटात दुखते. हे व्यायाम माझ्यासाठी नाहीत का?

उत्तर ५ (स्त्री-आरोग्य फिजिओथेरपिस्ट, बेळगाव)

वडगावच्या ताई, आवळण्याचे व्यायाम आजपासून बंद करा. काही स्त्रियांचा हा स्नायू सैल नसून सतत आवळलेला असतो, आणि त्याला आणखी आवळायला लावले की दुखणे वाढते. प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), त्वचेचे विकार ही कारणे तपासून घ्यावीत. त्यानंतरच्या उपचारात सोडायला शिकणे हेच मुख्य असते. पोट फुगवत सावकाश श्वास घेताना तळ खाली सैल होतो हे जाणवून घेणे, नितंब आणि मांडीच्या आतल्या स्नायूंचे ताण, आणि पुढे आपण तयार असाल तेव्हाच, आपल्या गतीने, लहान आकारापासून सुरुवात करून क्रमाने मोठे होत जाणारे डायलेटर, म्हणजे योनिमार्ग सैल करण्यासाठी आत घालायच्या गुळगुळीत कांड्या. दुखत असताना सहन करून संबंध ठेवू नयेत; शरीर दुखण्याची वाट पाहू लागते आणि स्नायू आधीच आवळतो. पतींना एका भेटीला सोबत आणता आले तर उत्तम, कारण हा हट्ट नाही आणि दोषही नाही, हे त्यांनी आमच्याकडून ऐकलेले बरे पडते. आपल्या भागात अशा मुलींना धीर धर, होईल सवय, एवढेच ऐकवले जाते. त्यामुळे आपण येथे विचारलेत याचे मला फार मोल वाटते.

शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. घरी यजमानांना कोक्रेनचे आकडे वाचून दाखवले आणि परीक्षा संपल्यावर बेळगावला जायचे ठरले. दोनच शंका उरल्या आहेत. तोपर्यंत वर्गात आणि शेतात काय सांभाळू? आणि बरे वाटू लागल्यावर व्यायाम बंद केला तर चालतो का?

उत्तर ६ (स्त्री-आरोग्य फिजिओथेरपिस्ट, बेळगाव)

वाट पाहण्याच्या काळात एक युक्ती करून पाहा. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले, कळशी उचलायची झाली, फळ्याखालची पेटी सरकवायची झाली, की क्षणभर आधी तळ आवळून वर ओढा आणि काम होईपर्यंत तसाच धरा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एवढ्या एका सवयीने आठवडाभरातच खोकतानाची गळती कमी झाल्याचे दिसले होते. उचलताना श्वास कोंडू नका; उचलण्याच्या क्षणी सोडा आणि ओझे अंगाजवळ धरा. एका भरलेल्या कळशीऐवजी दोन अर्ध्या न्या. रोपलावणीत सलग वाकून राहण्याऐवजी मधून मधून बांधावर बसा, आणि संध्याकाळी जडपणा वाटेल तेव्हा कमरेखाली उशी घेऊन, पाय भिंतीला टेकवून थोडा वेळ पडून राहा. पाणी सकाळपासून थोडे थोडे प्या आणि मधल्या सुट्टीत लघवीला जाण्याची सोय जवळच्या एखाद्या घरी का होईना, करून ठेवा.

व्यायाम पूर्ण बंद केला तर स्नायूची ताकद इतर कोणत्याही स्नायूप्रमाणे हळूहळू उतरते. तीन-चार महिन्यांनंतर दिवसातून तीनदा करण्याची गरज बहुधा राहत नाही, पण किती कमी करायचे ते तेव्हाचा ० ते ५ मधला अंक पाहून ठरवू. येताना तीन दिवसांची नोंद, आधीच्या दवाखान्याचे कागद आणि सोनोग्राफी झाली असल्यास तिचा अहवाल घेऊन या. त्या दिवशी पाळी आली तर येणे रद्द करू नका; आतून तपासणी पुढच्या भेटीत करता येते.